डब्याची हवा: अकोल्याच्या उन्हाळ्यातल्या नोंदी

४ एप्रिल २०२५, शुक्रवार

कॉम्प्युटरच्या तापण्याला शेवटी वैतागून ही फाईल उघडली. काल रात्री एका लग्नाचा फुल व्हिडिओ एक्सपोर्टला लावला, रिझॉल्व्ह स्टुडिओ (एडिटिंगचं सॉफ्टवेअर), नॉइज रिडक्शन (चित्रातले दाणे काढणारं) लावलेलं कारण मांडवातलं लायटिंग म्हणजे आनंदीआनंद, आणि ३१ व्या मिनिटाला जीपीयूचा (ग्राफिक्स कार्डाचा) एरर देऊन सगळं बंद. सकाळी पार्टीचा फोन, "भाऊ झालं का?" काय सांगणार, परत लावलं. हीच प्रोजेक्ट फाईल फेब्रुवारीत टेस्ट म्हणून चालवली होती तेव्हा ५१ मिनिटांत गेली होती, आज ५८ लागली. सात मिनिटांनी काही जीव जात नाही पण अक्षय तृतीया जवळ आलीये, रांगेत अजून अकरा लग्नं आहेत, आणि मशीनचा आवाज असा की बाजूच्या खोलीतून आई विचारते मिक्सर चालू आहे का.

मशीन काय आहे ते एकदा लिहून ठेवतो. सीपीयू, म्हणजे मुख्य प्रोसेसर, रायझन ५ ५६००, त्यावर डीपकूलचा एजी४००, म्हणजे एका पंख्याचा टॉवर कूलर. ग्राफिक्स कार्ड आरटीएक्स ३०६० बारा जीबीवाला. बी५५० चा छोटा मदरबोर्ड. केस, म्हणजे बाहेरचा डबा, आपली गल्लोगल्ली मिळते तशीच, पुढे काळी काच, काचेमागे तीन लाइटवाले पंखे, मागे एक, वरती दोन पंख्यांची जागा रिकामी. लाइट लय भारी दिसते, घेताना तेच पाहिलं होतं, खोटं कशाला बोलू.

आज एक्सपोर्ट चालू असताना आकडे पाहिले तर सीपीयू ८८ अंश आणि जीपीयू ८३. ५६०० ची मर्यादा ९० आहे, ३०६० नेहमीच्या सेटिंगला ८३ च्या पुढे जाऊ देत नाही, स्वतःच क्लॉक, म्हणजे कामाचा वेग, खाली ओढतो. म्हणजे दोघंही गळ्यापर्यंत आलेले. एसएसडी ७८. कार्डचे पंखे १०० टक्के.

५ एप्रिल, शनिवार

पहिली गोष्ट म्हणजे मोजायचं कसं ते ठरवलं. नुसतं "आज ८२ आलं, काल ८६ होतं" याला अकोल्यात काहीच अर्थ नाही, सकाळी सहाला खोली ३० असते, दुपारी तीनला ४०, खोलीतला पाण्याचा कूलर चालू केला की अजून वेगळं. मग पंख्यामुळे फरक पडला का खोलीमुळे, कसं कळणार. त्यामुळे इथून पुढे फक्त डेल्टा लिहायचा, म्हणजे चिपचं तापमान वजा खोलीचं तापमान. एक छोटं डिजिटल थर्मामीटर मॉनिटरशेजारी ठेवलंय. टेस्ट एकच, तोच प्रोजेक्ट, वीस मिनिटं एक्सपोर्ट, शेवटच्या पाच मिनिटांची सरासरी एचडब्ल्यूइन्फो या तापमान दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरमधून. एका वेळी एकच बदल. हे शेवटचं पाळणं सगळ्यात अवघड, हात शिवशिवतात.

आजचं: खोली ३६, सीपीयू ८८, जीपीयू ८३ आणि क्लॉक १,७०० च्या आसपास पडलेला (एरवी हा १,८८० ला चालतो). डेल्टा ५२ आणि ४७. जीपीयू ८३ ला अडकलेला आहे म्हणजे त्याचा खरा डेल्टा याहून वाईट असणार, हे लक्षात ठेवायचं.

६ एप्रिल, रविवार, रामनवमी

सुट्टी, म्हणून साफसफाई. काच उचकटली आणि आत बघितलं तर फिल्टर दिसतच नव्हता, त्याच्या जागी गोधडी. आमच्या घरापासून दोन गल्ल्या सोडून जिनिंग आहे, दिवाळीनंतर कापूस यायला लागला की रुईचे बारीक तंतू हवेत असतातच, खिडकीच्या जाळीवर बसतात, कूलरच्या गवतावर बसतात, पण इथे त्याचा अक्षरशः नमदा झालेला, एका कोपऱ्याला पकडून ओढला तर अख्खा चौकोन एका तुकड्यात सुटून आला. राखाडी, वरून मऊ, आणि पंख्याच्या बाजूने तीन गोल उमटलेले. आई म्हणे, ठेव, वात वळता येईन.

ब्लोअरने सगळं उडवलं. पंख्यांवर ब्लोअर मारताना पातं बोटाने धरून ठेवायचं, नाहीतर ते भन्नाट फिरतं आणि बेअरिंगची वाट लागते. मागचा पंखा काढून पुसला, सीपीयू कूलरच्या पत्र्यांमधूनही बरंच निघालं.

मग मोठ्या आशेने टेस्ट लावली. खोली ३५, सीपीयू ८९, जीपीयू ८३, क्लॉक १,६८०. वाढलं! साफ करून वाढलं. दोनदा टेस्ट केली. झोपतो आता.

७ एप्रिल, सोमवार

रात्री अंथरुणात डोक्यात आलं की हवा दिसत नाही हीच अडचण आहे, तर दाखवू. देवघरातली उदबत्ती घेतली, मशीन फुल लोडवर, खोलीतला पंखा बंद, कूलर बंद, घामाच्या धारा, आणि उदबत्ती केसभोवती फिरवतोय. आई दारात उभी राहून, "पीसीची पूजा कायची करून राहिला आता?"

मागच्या पंख्याजवळ नेली आणि धूर सरळ आत गेला. आत! मागचा पंखा हवा बाहेर फेकायला असतो. काल पुसून बसवताना मी उलटा बसवला. साध्या पंख्याला ज्या बाजूला मोटर धरणाऱ्या चार काड्या असतात, हवा त्या बाजूने बाहेर पडते, बहुतेक फ्रेमवर बारीक बाणसुद्धा असतो, एक बाण फिरण्याचा आणि एक हवेचा. मला हे माहीत आहे. मी लोकांना सांगतो हे. तरी.

सरळ केला. खोली ३६, सीपीयू ८६, जीपीयू ८२. डेल्टा ५० आणि ४६. म्हणजे एवढी गोधडी काढूनही फायदा जेमतेम दोन अंशांचा, जीपीयूला तर एकच दिसतोय (तो आधी अडकलेला होता हे धरलं तरी). याचा अर्थ अडथळा दुसरीकडेच आहे.

उदबत्तीचं दुसरं निरीक्षण जास्त कामाचं निघालं. पुढे काचेच्या कडेला दोन्ही बाजूंनी उभी फट आहे, हवा तिथूनच यायची. तिथे उदबत्ती धरली तर धूर जरासा वाकतो, बास. तीन पंखे आत घरघर करून राहिले आणि फटीपाशी धुराला पत्ताच नाही. मग काच थोडी पुढे ओढून काचेच्या मागे, पंख्यांच्या कडेला धरली, तर धूर पंख्यातून आत जातो आणि फ्रेमच्या बाजूच्या मोकळ्या भोकांतून परत पुढे येतो, परत पंख्यात. स्वतःचीच हवा परत परत खाणं चाललंय.

(राख आत पडू द्यायची नाही, आणि केबलजवळ न्यायची नाही. एकदा चटका बसला.)

९ एप्रिल, बुधवार

काच पूर्ण काढून टेस्ट. खोली ३६, सीपीयू ७९, जीपीयू ७५, क्लॉक १,८६५ ला स्थिर. डेल्टा ४३ आणि ३९. एक रुपया खर्च न करता सात-सात अंश, आणि जीपीयू अडकलेला नाही आता.

पट्टी घेऊन बसलो. फट ३६ सेंटीमीटर उंच, रुंदी जेमतेम ८ मिलिमीटर, दोन बाजू धरून साधारण ५८ चौरस सेंटीमीटर. आता १२० मिलिमीटरच्या पंख्याचं वर्तुळ ११३ चौरस सेंटीमीटर, मधला गोळा वजा केला तरी १०० धरा, असे तीन म्हणजे ३००. तीनशेचं तोंड आणि श्वास घ्यायला अठ्ठावन्न, त्यावर फिल्टर. दम लागणारच.

बाजारात पंख्याच्या खोक्यावर सीएफएमचा (मिनिटाला किती घनफूट हवा) आकडा मोठ्या अक्षरात असतो त्याचं पण थोडं लिहून ठेवतो, कारण मीच त्याला भुललो होतो. तो आकडा पंखा मोकळ्यावर फिरतो तेव्हाचा, पुढेमागे काहीच नसताना. आणि प्रेशरचा जो आकडा असतो तो पंख्याचं तोंड पूर्ण बंद केल्यावरचा, म्हणजे हवा शून्य असतानाचा. दोन्ही एकदम कधीच मिळत नाहीत, खरी केस मध्ये कुठेतरी असते. माझ्या डब्यात कार्डचे १७०, सीपीयूचे ७६, बाकी बोर्ड रॅम एसएसडी मिळून धरा २७५ वॅट उष्णता. ढोबळ हिशोब असा की वॅटला पावणेदोनने गुणायचं आणि आतली हवा बाहेरच्यापेक्षा जितके अंश जास्त चालेल तेवढ्याने भागायचं, उत्तर सीएफएममध्ये. दहा अंश चालत असेल तर ४८ सीएफएम पुरतात. अठ्ठेचाळीस! एका बऱ्या पंख्याच्या खोक्यावर छापलेल्यापेक्षा कमी. माझ्याकडे चार पंखे होते. म्हणजे पंखे कमी नव्हते, काच जास्त होती.

बाबा तेवढ्यात आले, हिशोब पाहिला आणि म्हणाले, "कूलर लावला तं समोरची खिडकी उघडा लागते का नाही? हवा जाईन तवाच येईन ना." मी म्हटलं बाबा इथं उलटं आहे, जायला भोकं भरपूर आहेत, यायलाच वाट नाही. ते "हं" करून गेले. त्यांचा हं मला ओळखीचा आहे, पटलेलं नसतं.

१२ एप्रिल, शनिवार

काच काढून तशीच ठेवणं शक्य नाही, घरात रुई आणि उंदीर दोन्ही आहेत. नवी जाळीवाली केस घ्यायची तर लग्नाचे पैसे यायचेत (लग्नं दुसऱ्यांची). म्हणून पुढची फ्रेम ठेवून काचेच्या जागी जाळी लावायची.

काच डबल साइड टेपने चिकटवलेली होती. आईचा हेअर ड्रायर पाच मिनिटं कडेने फिरवला, मग मासे पकडायचा नायलॉनचा दोरा कोपऱ्यातून घालून करवतीसारखा पुढेमागे. सुटली. हार्डवेअरच्या दुकानातून खिडकीला लावतात ती स्टीलची मच्छरजाळी दीड फूट घेतली. कापताना कात्रीने तारा सुटतात आणि बोटात घुसतात, आधी कापायच्या रेषेवर मास्किंग टेप लावून मग टेपवरून कापलं तर सुटत नाहीत, हे चौथ्या बोटानंतर समजलं.

ग्लू गनने चिकटवली. छान दिसत होती.

१३ एप्रिल, रविवार

दुपारी जाळी खालून सुटलेली. दिवसभर मशीन लोडवर, उन्हाने खोली तापलेली, त्यात जाळी ताणलेली, गोंद मऊ पडून हळूहळू सरकला. आता ॲल्युमिनियमची पातळ पट्टी चारही बाजूंनी आणि बारीक स्क्रू. मजबूत झालं. दिसायला गुरांच्या डॉक्टरच्या दवाखान्याच्या खिडकीसारखं दिसतं, असू दे.

दोन टेस्ट. जाळी आणि आतला जुना नायलॉन फिल्टर दोन्ही ठेवून: डेल्टा ४७ आणि ४३. फिल्टर काढून नुसती जाळी: ४४ आणि ४०. म्हणजे उघड्या तोंडाच्या जवळजवळ बरोबरीला. डोळ्यांना दोन जाळ्या आरपार दिसतात पण हवेला दिसत नाहीत, दोन बारीक जाळ्या एकामागे एक म्हणजे उघड्या तोंडापेक्षा चक्क चार अंश. फिल्टर गेला. रुई अडवायला जाळी पुरेशी आहे, बारीक धूळ आत येईल, महिन्यातून एकदा ब्लोअर.

१७ एप्रिल, गुरुवार

पंखे बदलले. पुढचे तीन लाइटवाले मोलेक्सवर (पॉवर सप्लायच्या सरळ वायरीवर) होते, सरळ बारा व्होल्ट, एकच स्पीड, बोर्डाला त्यांचा पत्ताच नाही, त्यामुळे रात्री नुसतं मेल बघत असलं तरी घरघर तीच. त्यांच्या जागी आर्क्टिकचे पी१२ दोन, चार पिनवाले. हे तोंडावर जाळी असली तरी हवा ओढतात, पात्यांचा आकारच तसा आहे, जास्तीत जास्त मिनिटाला १,८०० फेरे. एकाची वायर दुसऱ्यात लागते त्यामुळे बोर्डावरचं एकच कनेक्टर वापरलं गेलं. तिसऱ्या पंख्याच्या जागी पुठ्ठा लावून बंद केलं, नाहीतर तिथून हवा परत पुढे येते, उदबत्तीने आधीच दाखवलंय.

चार पिनांमध्ये एक जमीन, एक बारा व्होल्ट, एक पंखा किती फिरतोय ते सांगणारी आणि चौथी हुकूम देणारी. तीन पिनवाल्याला वेग कमी करायचा तर व्होल्टेज कमी करावं लागतं आणि फार कमी केलं की तो थांबतोच, चार पिनवाल्याला बारा व्होल्ट कायम मिळतात आणि हुकमाच्या पिनवर सेकंदाला २५,००० वेळा चालू-बंद होऊन वेग ठरतो, म्हणून तो अगदी हळूही फिरतो. बोर्डाच्या एका कनेक्टरवर सहसा एक अँपिअरची मर्यादा असते, दोन पी१२ ला त्याचं काहीच नाही.

आता खरी गंमत. बायोसमध्ये (बोर्डाच्या सेटिंगमध्ये) कर्व्ह, म्हणजे किती तापमानाला पंख्याचा किती वेग, लावला आणि पहिल्याच टेस्टला जीपीयू ७९! झालं काय, तर माझ्या बोर्डावर केसचे पंखे सीपीयूचं तापमान बघून फिरतात. माझ्या एक्सपोर्टमध्ये नॉइज रिडक्शनच्या वेळी कार्ड आग ओकतं आणि सीपीयू तुलनेने निवांत असतो, मग पंखे म्हणतात सगळं ठीक आहे, सातशेवर रमतगमत. इकडे कार्ड तापलंय आणि त्याच्याकडून केसच्या पंख्यांना निरोपच नाही. विंडोजवर फॅन कंट्रोल नावाचं फुकट सॉफ्टवेअर टाकलं, त्यात सीपीयू आणि जीपीयू दोघांचे वेगळे कर्व्ह काढून त्यातला जो जास्त मागेल तो पंख्यांना, असं मिक्स करता येतं. तसं केलं.

दुसरी कटकट म्हणजे रायझनचं तापमान एका क्लिकवर दहा अंश उडी मारतं आणि खाली येतं, त्यामुळे ब्राउझर उघडला तरी पंखे व्हूऽऽम करून शांत, परत व्हूऽऽम. स्थिर आवाजाची सवय होते, चढउतार डोक्यात जातो. वेग वाढवायच्या आधी काही सेकंद थांब आणि पाच अंश खाली आल्याशिवाय कमी करू नको, असं सेट केल्यावर शांतता.

कमाल वेग मी १,२०० वर बांधून टाकला. पंख्याचा वेग निम्मा केला की हवा निम्मी होते पण आवाज साधारण पंधरा डेसिबलने पडतो, वीज तर आठवा हिस्सा. उलट बाजूने बघितलं तर शेवटच्या शंभर-दोनशे फेऱ्यांना मिळते थोडी हवा आणि होतो मोठा आवाज.

डेल्टा ४२ आणि ३८. तीनाऐवजी दोन पंखे, आणि आई म्हणे बंद पडलं का रे.

२० एप्रिल, रविवार

काढलेले लाइटवाले तीन पंखे पडून आहेत, म्हटलं एक वरती लावून बघू. वर दोन जागा, एक मागच्या बाजूला म्हणजे सीपीयू कूलरच्या मागे, एक पुढच्या बाजूला.

मागच्या जागी, हवा बाहेर फेकणारा: डेल्टा ४० आणि ३८. सीपीयूला दोन अंशांचा फायदा, कार्डाला काही नाही.

पुढच्या जागी: ४३ आणि ३९. न लावण्यापेक्षा वाईट! उदबत्ती लावली तर दिसलं, समोरच्या दोन पी१२ पैकी वरच्याने आणलेली थंड हवा सीपीयू कूलरपर्यंत पोचायच्या आधीच हा वरून पळवतो. फुकटची गळती. गरम हवा वर जाते म्हणून वरती पंखा लावायचाच असं सगळे सांगतात, मीही सांगायचो, पण हवेचं आपोआप वर चढणं फार हळू असतं, हजार फेऱ्यांच्या पंख्यापुढे त्याला कोण विचारतो, हवा पंखा ढकलेल तिकडे जाते. काढला आणि ती जागा बंद केली. मागच्या जागचा ठेवलाय.

मग यायला दोन आणि जायला दोन असं झालं, म्हणजे बरोबरी. पण मागचे दोन्ही हजार-बाराशेवर बांधलेले आणि पुढचे पी१२ चढले की जास्त हवा आणतात, त्यामुळे लोडवर आत किंचित जास्त दाब राहतो. तसंच पाहिजे, कारण दाब आतून बाहेर असला तर फटींमधून हवा बाहेर जाते, उलट असला तर प्रत्येक स्क्रूच्या भोकातून, यूएसबीच्या शेजारून, धूळ आत ओढली जाते जिथे कुठलीच जाळी नाही. मागच्या पीसीआयच्या (जादा कार्डांच्या जागेच्या) रिकाम्या पट्ट्यांजवळ उदबत्ती धरली, धूर बाहेर ढकलला जातोय. छान.

२७ एप्रिल, रविवार

आज ऊन मी म्हणतंय. दुपारी एक्सपोर्ट लावला आणि आकडे परत वर, सीपीयू ७९, जीपीयू ७६, थर्मामीटर ३७. म्हणजे डेल्टा ४२ आणि ३९, गेल्या रविवारी ४० आणि ३८ होता. काहीच बदललं नाही तर हे दोन कुठून आले?

थर्मामीटर उचलला आणि केसच्या पुढे, जाळीपासून चार बोटांवर धरला. दोन मिनिटांत ४२.

म्हणजे तीन आठवडे मी चुकीच्या ठिकाणचं तापमान वजा करून राहिलो. मॉनिटरपाशी ३७ आहे, पण मशीन श्वास घेतंय ४२ ची हवा. कारण मशीन कुठे आहे? टेबलाच्या खालच्या कप्प्यात. तीन बाजूंनी प्लाय, मागे भिंत, भिंतीत आणि केसमध्ये एक वीत जागा. मागून निघालेली गरम हवा भिंतीला थडकते, कप्प्याच्या छताला लागते आणि बाजूने फिरून परत पुढे. काचेच्या मागे पंखे जे करत होते तेच आता अख्खा डबा कप्प्यात करतोय. आज कूलरचं पाणी संपलं होतं त्यामुळे खोलीत हवा हलत नव्हती आणि हे उघडं पडलं, नाहीतर कूलरच्या झोताने थोडं झाकलं जायचं.

मशीन बाहेर काढून टेबलाच्या बाजूला जुन्या स्टुलावर ठेवलं, मागे दीड फूट मोकळं. जाळीपुढे साडेसदतीस. सीपीयू ७३, जीपीयू ७०. मॉनिटरच्या थर्मामीटरने धरलं तर ३६ आणि ३३. स्टुल फुकट.

हे चालू असताना बाबा टाकीत पाणी भरून आले, कूलर लावला आणि खोलीत नजर फिरवून म्हणाले, "खिडकी बंदच ठेवली ना तू." समोरची खिडकी मी कायम बंद ठेवतो, मॉनिटरवर उजेड पडतो म्हणून. त्यांनी जाऊन उघडली, अर्धी, पडदा ओढून. मी मुद्दाम काही बोललो नाही, थर्मामीटर बघत बसलो. तीसएक मिनिटांत ३७ चे ३३ झाले. बंद खोलीत कूलर बाहेरची हवा गवतातून ओढून आत ढकलतो पण आधीचीच जायला जागा नसेल तर नवी येणार किती, आणि मशीनची पावणेतीनशे वॅट उष्णता पण त्याच खोलीत साठणार. अंगाला दमटपणाही कमी वाटायला लागला.

मी फक्त म्हटलं, चार अंश कमी झालं. ते म्हणे, "मंग?"

२ मे, शुक्रवार

कालपर्यंत चार लग्नं गेली, एकही एरर नाही. तो एरर तापण्यामुळेच होता असं शपथेवर सांगणार नाही, मधल्या काळात ड्रायव्हरही अपडेट केलाय.

कूलरच्या दमट हवेने मशीन खराब होतं का असं मित्राने विचारलं. पाणी धरतं ते आसपासच्या हवेपेक्षा थंड असलेल्या वस्तूवर, आणि चालू मशीनच्या आत सगळं खोलीपेक्षा गरमच असतं, त्यामुळे आत दव बसायचं कारण नाही. पण झोत थेट केसवर घेऊ नये. नवीन गवत घातल्यावर पहिले दोन दिवस कूलर थेंब उडवतो, आमच्या भिंतीवर डाग आहेत त्याचे. आणि दमट हवेत धूळ नुसती बसत नाही, चिकटते, ब्लोअरने उडत नाही, ब्रश लागतो. स्टुल झोताच्या रेषेतून दोन फूट सरकवलं.

११ मे, रविवार

मागचा पंखा कुरकुरायला लागला. चालू होताना टर्रर्र, गरम झाला की शांत. स्वस्त पंख्यात स्लीव्ह बेअरिंग असतं, तेल सुकलं की असं होतं. मागचं गोल स्टिकर अर्धं सोलून आतली रबरी टोपी टाचणीने काढली, आईच्या शिलाई मशीनचं तेल एक थेंब, पातं हाताने फिरवलं, अजून अर्धा थेंब, स्टिकर परत. खोबरेल नाही घालायचं, थंडीत गोठतं. आवाज गेला. किती दिवस टिकतं बघू, नाहीतर अजून एक पी१२ आणतो.

बसवताना बाण तीनदा पाहिला.

१ जून, रविवार

सीझन संपला, अकराच्या अकरा लग्नं दिली. शेवटची टेस्ट, तोच प्रोजेक्ट. खोली ३३, सीपीयू ६९, जीपीयू ६६, क्लॉक १,८८०, एसएसडी ६१, कार्डचे पंखे ७० टक्के. पूर्ण एक्सपोर्ट ५१ मिनिटं. खर्च दोन पंखे, दीड फूट जाळी, एक ॲल्युमिनियमची पट्टी आणि उदबत्तीचा अर्धा पुडा, त्याचे पैसे आईने मागितलेत.

जाळी काढून बघितली. धूळ आहे, जुन्या टूथब्रशने दोन मिनिटांत गेली. रुई जवळजवळ नाही, जिनिंग बंद झालंय. नोव्हेंबरात कापूस यायला लागला की दर रविवारी बघावी लागेल.